पडद्यासमोरचे न मोजलेले तास

२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावरच तपासून घ्यायचं ठरवलं. उत्तरपत्रिका होत्या सतरा लाखांच्या आसपास. निकाल रखडले, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या गोंधळाची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. मात्र काम कागदावरून पडद्यावर गेलं की तपासणाऱ्याच्या शरीराचं काय होतं, हा प्रश्न मागेच राहिला. गठ्ठा तपासताना शरीर सतत थोडंफार हलत असतं. पेपर उचलायचा, पुरवणी उलटायची, समासात गुण लिहायचे, पहिल्या पानावर बेरीज करायची, शंका आली तर मॉडरेटरच्या टेबलापर्यंत जाऊन यायचं. पडद्यावर यातलं जवळपास काहीच उरत नाही. नजर एका चौकटीत, उजवा हात माउसवर, खांदा किंचित उचललेला आणि हालचाल काय ती एका बोटाची. पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकाला प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर जवळचं वाचायचा भाग काचेच्या तळाशी असतो. स्कॅनमधलं फिकट अक्षर लावण्यासाठी हनुवटी आपोआप वर जाते, मान मागे झुकते आणि तशीच राहते.

अशी मान दुखू लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: नीट बसा, ताठ बसा. त्याच्या समर्थनार्थ एक आकडा हमखास सांगितला जातो. डोकं सुमारे पाच किलोचं असतं आणि ६० अंश खाली वाकवलं की मानेवर २७ किलोंचा भार येतो. हा आकडा २०१४ मधल्या एका संगणकीय प्रतिमानातून आला आहे. त्यात भाराचं गणित होतं, कुणाच्या दुखण्याची मोजणी नव्हती. प्रत्यक्ष माणसं तपासली तेव्हा चित्र वेगळं दिसलं. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांमध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १७ वर्षांच्या हजाराहून अधिक मुलामुलींमध्ये मानेची ठेवण आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. ही पोरं तरुण आहेत, पन्नाशीच्या प्राध्यापकाशी त्यांची तुलना कशी करायची, हा आक्षेप रास्त आहे. प्रौढांमध्ये पुढे आलेली मान आणि दुखणं यांचा थोडाफार संबंध दिसतोही. पण मान पुढे आली म्हणून दुखते की दुखते म्हणून पुढे येते, हे त्यावरून ठरत नाही. एकच एक ‘योग्य’ ठेवण सापडली की प्रश्न सुटला, असं मानायला त्यामुळे फारसा आधार उरत नाही.

मला अधिक पटणारं स्पष्टीकरण वेळेचं आहे. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस स्नायू टंकलेखनात किंवा माउस धरण्यात फारच कमी जोर लावतो. पण तो जोर स्नायूतले ठरावीक छोटे तंतूच पेलतात. काम सुरू होताच ते सर्वांत आधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी सुटतात. स्वीडिश संशोधक योरान हेग यांनी १९९१ मध्ये ही मांडणी केली आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या सिंड्रेलाचं नाव त्या तंतूंना दिलं. हे अजून गृहीतक आहे, पण काम हलकं असूनही मान का दुखते याचा उलगडा त्यातून होतो. त्यात भर पडते ती मनावरच्या ताणाची. मानसिक ताणाखाली हाच स्नायू हाताला काहीही काम नसताना आवळला जातो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा स्वयंमूल्यांकन अहवाल अपलोड करण्याची मुदत रात्री संपते आहे आणि पोर्टल अडकलं आहे, अशा वेळी खुर्ची कितीही चांगली असली तरी खांदे सैल राहणार नाहीत.

एमआरआयच्या अहवालांनी यात उगाच भीती भरली आहे. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘चकती सरकली आहे’ हे ऐकून माणसं पट्टा लावून मान हलवायचीच बंद करतात. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ जणांची मान एमआरआयने तपासली, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. म्हणजे अहवालात चकती फुगलेली दिसली, एवढ्यावरून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. मात्र हातात मुंग्या येत असतील किंवा ताकद कमी झाली असेल, शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली असतील, चालताना तोल जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल किंवा दुखण्याबरोबर ताप असेल, तर डॉक्टरांकडे विनाविलंब जायला हवं.

मग उपाय काय? मानदुखीचा धोका अधिक असलेल्या, पण तोवर दुखणं नसलेल्या १९३ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर बँकॉकमध्ये एक चाचणी झाली. काहींना मधूनमधून उठायला लावलं, काहींना बसल्याजागी ठेवण बदलायला. या दोन्ही गटांत नव्याने मानदुखी सुरू झालेल्यांचं प्रमाण १७ टक्के राहिलं, काहीच न बदललेल्या गटात ते ४४ टक्क्यांवर गेलं. डेन्मार्कमध्ये २०११ साली मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांवर प्रयोग झाला. रबरी पट्ट्याने खांद्यांचा रोज दोन मिनिटांचा व्यायाम दहा आठवडे केल्यावर दुखणं कमी झालं. बारा मिनिटं करणाऱ्यांनाही फायदा झाला, पण दोन मिनिटंही पुरली.

इथे कुणी म्हणेल, दोन मिनिटांचाच प्रश्न असेल तर प्राध्यापकांनी ती स्वतः काढावीत, विद्यापीठाला मध्ये कशाला ओढायचं? डेन्मार्कचा तो व्यायाम कामाच्या जागी व्हायचा, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला ४० तासांचा धरतात. त्यात प्रत्यक्ष अध्यापनाचे तास काटेकोर ठरवले आहेत, सहायक प्राध्यापकाला १६ आणि त्यावरच्यांना १४. पडद्यासमोर सलग किती वेळ बसवावं, याचा त्यात उल्लेख नाही. युरोपने १९९० च्या निर्देशातच पडद्यावरच्या कामात ठरावीक काळाने खंड पाडणं किंवा काम बदलून देणं ही मालकाची जबाबदारी ठरवली होती. आयटीतली माणसं याहून जास्त बसतात आणि प्राध्यापकांना सुट्ट्या असतात, हा युक्तिवादही मला टिकणारा वाटत नाही. दुसऱ्याची मान दुखते म्हणून पहिल्याची दुखायची थांबत नाही, आणि उन्हाळी सुट्टीत तर पेपरतपासणीच असते.

ऑनस्क्रीन तपासणी बंद करा, असं माझं म्हणणं नाही. बेरजेच्या चुका टळतात, उत्तरपत्रिकांची ने-आण वाचते, हे फायदे खरे आहेत. पण कोण किती वेळ सलग तपासत बसलं, याची नोंद अशा प्रणालीत सहज ठेवता येते. ती नोंद गतीवर पाळत ठेवण्याऐवजी पाऊण-एक तासाने खंड पाडण्यासाठी आणि दिवसाची कमाल मर्यादा पाळण्यासाठी वापरावी. लॅपटॉपवर पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्याने दोन्ही एकाच वेळी सोयीच्या उंचीवर येत नाहीत, तेव्हा वेगळा कळफलक द्यावा. त्याचा खर्च क्षुल्लक आहे. खरी अडचण मानधनाची आहे. ते उत्तरपत्रिकांच्या संख्येवर मिळत असेल, तर प्रत्येक विश्रांती स्वतःच्या खिशातून जाते, आणि तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत धावणाऱ्या, स्वतःचं टेबलही नसलेल्या शिक्षकाला ती परवडत नाही. त्यामुळे विश्रांतीचा वेळ मानधनाच्या दरातच धरावा लागेल.