विश्लेषण : चढण्याआधी उतरण्याचा विचार! कर्जत-खालापूरच्या कड्यांवरून सॉफ्टवेअर टीमने काय शिकावे?

शनिवार-रविवारी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गडवाटांवर पाठपिशव्या घेतलेल्यांची रीघ लागते. कोणी पेठच्या किल्ल्याकडे, कोणी ढाक बहिरीला, कोणी इर्शाळगडावर. मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातल्या आयटी कंपन्यांत काम करणारे तरुण त्यात मोठ्या संख्येने असतात. सोमवारी हीच मंडळी स्क्रीनसमोर बसतात, तेव्हा कड्यावर पाळलेला एक साधा नियम बहुधा विसरलेला असतो : जिथून उतरता येणार नाही, तिथे चढायचे नाही.

ढाक बहिरीचा कडा काय शिकवतो?

कर्जतकडून सांडशी गावातून ढाक बहिरीची वाट निघते. रानातली चढण दमवते, पण ती कोणालाही जमते. खरी परीक्षा पुढे आहे. ढाकचा किल्ला आणि कळकरायचा सुळका यांच्यामधल्या अरुंद घळीतून गेल्यावर एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी ठेवून आडवे सरकावे लागते. मग गुहेपर्यंतचा उभा टप्पा. कातळातल्या खोबण्या, बांधलेले दोर आणि लाकडी ओंडका यांच्या आधाराने तो चढायचा.

चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते. उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, आणि नजर खाली गेली की दरीच दिसते. त्यामुळे वर गेलेले अनेक नवखे खाली येताना थिजतात. म्हणून जाणता लीडर पॅचखाली उभा राहून ‘वर जाता येईल का’ असे विचारत नाही. ‘परत येता येईल का’ असे विचारतो. ज्याची खात्री नाही त्याला तिथेच बसवतो. पावसाळ्यात तर जाणती मंडळी या वाटेला जातच नाहीत.

परतीची वेळ पायथ्याशीच का ठरवतात?

कारण वर गेल्यावर माणसाचा निर्णय त्याचा स्वतःचा राहत नाही. दमलेले शरीर, समोर दिसणारे शिखर आणि ‘एवढे आलोच आहोत तर’ ही भावना मिळून तो निर्णय घेतात.

मे 1996 मधली एव्हरेस्टवरची दुर्घटना याचे सर्वात अभ्यासलेले उदाहरण. न्यूझीलंडचे अनुभवी वाटाडे रॉब हॉल यांच्या मोहिमेत दुपारी साधारण दोन वाजता, जिथे असू तिथून मागे फिरायचे, असा दंडक होता. डग हॅन्सन या गिर्यारोहकाला हॉल यांनीच आदल्या वर्षी शिखर जवळ आलेले असताना परत फिरवले होते. या वेळी मात्र हॅन्सन चार वाजून गेल्यावर शिखरावर पोहोचले आणि हॉल त्यांच्यासाठी थांबले. दोघेही परतले नाहीत. त्या वादळात डोंगराच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जणांचा मृत्यू झाला. उत्तर बाजूच्या तीन भारतीय गिर्यारोहकांचाही त्यात समावेश होता. नियम ठाऊक नव्हता असे नाही. तो मोडायला सबळ वाटणारे कारण मिळाले, एवढेच.

सॉफ्टवेअरमध्ये ‘दुपारचे दोन’ म्हणजे काय? दिवाळीच्या सेलआधी नवे पेमेंट पान सुरू करायचे आहे. चाचणीत दोन त्रुटी सापडल्या आहेत आणि रात्रीचे अकरा वाजले आहेत. ग्राहकाला तारीख दिलेली आहे. थांबायचे की नाही हे त्या क्षणी ठरवायला बसले, तर उत्तर जवळजवळ नेहमी ‘करून टाकू’ असेच येते. किती त्रुटींवर थांबायचे, किती वाजल्यानंतर बदल सोडायचा नाही आणि मागे फिरण्याचा हुकूम कोण देणार, हे आठवडाभर आधी, डोके थंड असताना लिहून ठेवले तरच त्याचा उपयोग.

सॉफ्टवेअरमध्ये ‘उतरता न येणे’ कसे घडते?

19 जुलै 2024, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभरातल्या संगणकांना एक सदोष अपडेट पाठवला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजवर चालणारी सुमारे 85 लाख यंत्रे बंद पडली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

कंपनीने चूक ओळखून 78 मिनिटांत अपडेट मागे घेतला होता. पण तोवर कोसळलेली यंत्रे सुरूच होत नव्हती, मग दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोहोचणार कशी? शेवटी असंख्य ठिकाणी कर्मचाऱ्यांना एकेका संगणकासमोर बसून ती हाताने करावी लागली. हा अपडेट सगळ्यांना जवळजवळ एकाच वेळी गेला होता. कड्यावर एका दोरावर एकच माणूस सोडतात. तो सुखरूप पोहोचला की पुढचा.

परतीचा मार्ग आहे असे वाटणे आणि तो खरोखर असणे यातही फरक आहे. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने आठ सर्व्हरवर नवा कोड टाकला. प्रत्यक्षात तो सातच सर्व्हरवर गेला. आठव्यावर वर्षानुवर्षे पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि भराभर चुकीचे सौदे करू लागला. घाबरलेल्या टीमने मागे फिरायचे म्हणून उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला. त्यामुळे जुना कोड त्यांच्यावरही चालू झाला. सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. उतरण्याची वाट आधी एकदाही चालून पाहिलेली नसली की असे होते.

गाठ दुसऱ्याने तपासायची म्हणजे काय?

चढाईआधी हार्नेसचे बक्कल, आठची गाठ आणि कॅराबिनरचे कुलूप जोडीदार तपासतो. नुसते बघून ‘ठीक आहे’ म्हणत नाही, हात लावून ओढून पाहतो. वीस वर्षे चढाई करणाऱ्याचीही गाठ तपासली जाते आणि त्यात त्याला अपमान वाटत नाही. सॉफ्टवेअरमधल्या कोड रिव्ह्यूचा हेतू नेमका हाच. पण पाचशे ओळींच्या बदलावर दोन मिनिटांत ‘चांगले दिसतेय’ असा शेरा मारला जातो, तो लांबून गाठ बघण्याचा प्रकार झाला.

नाइट कॅपिटलच्या चौकशीत अमेरिकी बाजार नियामकाने नेमके हेच नोंदवले : कोड सर्व्हरवर टाकल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाने तो तपासला नव्हता आणि तशी लेखी पद्धतही नव्हती. शिवाय त्या सकाळी बाजार उघडण्याआधी यंत्रणेने 97 ईमेल पाठवून गडबडीची खूण दिली होती. त्यावर कोणी हालचाल केली नाही. दोरावर खालून ‘थांब’ अशी हाक आली, तर ती गटातल्या सर्वात नवख्याची असली तरी वरचा थांबतो. कारण नंतर विचारतो.

इर्शाळवाडीचा संदर्भ काय?

संगणक बंद पडणे आणि माणसे जाणे यांची तुलना होऊच शकत नाही. तरीही नियोजनाचा एक प्रश्न खालापूर तालुक्यातल्या या घटनेने सर्वांसमोर ठेवला आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले. शोध थांबवला तेव्हा 57 जण बेपत्ता होते. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले.

वर जायला रस्ता नव्हता, त्यामुळे अवजड यंत्रे पोहोचू शकली नाहीत आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरही उडू शकली नाहीत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, स्थानिक ग्रामस्थ आणि खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या गिर्यारोहक संस्थांनी चिखलातली चढण पायी चढून हातांनी शोध घेतला. धोक्यांची यादी बहुधा आधी घडून गेलेल्या गोष्टींवरून बनते. यादीबाहेरचे काही घडले आणि नेहमीची साधने तिथे पोहोचली नाहीत, तर कोण, कशाने आणि कोणत्या वाटेने जाणार, हा प्रश्न यादी पूर्ण झाल्यावरही उरतो.

मग कंपनीच्या सहलीत हे शिकता येते का?

फारसे नाही. कर्जतच्या रिसॉर्टवरच्या ‘टीम बिल्डिंग’मध्ये अँकर आधीच बांधलेले असतात, गाठी प्रशिक्षकाने मारलेल्या असतात आणि मागे फिरण्याचा निर्णय कोणालाच घ्यावा लागत नाही. फोटो मात्र छान येतात. साहेबांना दोरावर लोंबकळताना बघण्याची मजा वेगळीच, ती नाकारू नये.

अधिक उपयोगाची आहे ती डोंगरातली चुका उघड सांगण्याची सवय. अमेरिकन अल्पाइन क्लब 1948 पासून दरवर्षी अपघातांचा अहवाल छापतो. काय झाले, कुठे चुकले, हे त्यात सविस्तर असते. सॉफ्टवेअरमध्येही दोष न देता चौकशी करण्याची पद्धत रुळते आहे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला आणि बॅकअपच्या अनेक सोयी निकामी असल्याचे तेव्हाच लक्षात आले. सुमारे सहा तासांची नोंद कायमची गेली. कंपनीने दुरुस्तीचे काम थेट प्रक्षेपण करून जगाला दाखवले आणि त्या कर्मचाऱ्याला काढून टाकले नाही.