गोचीड आणि औषधाचें माप

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं गाय, म्हैस किंवा बैलजोडी आहे. जनावराच्या कानामागें किंवा कांसेजवळ एरंडीच्या बीसारखी फुगलेली गोचीड कोणीं पाहिली नाहीं? हें साम्य प्राचीन लोकांच्याही नजरेस आलें होतें. एरंडाचें शास्त्रीय नांव रिसिनस, आणि लॅटिन भाषेंत त्या शब्दाचा अर्थ गोचीड असाच आहे. गोचिडी फार झाल्या म्हणजे बाजारांतून औषधाची बाटली येते, अंदाजानें पाण्यांत ओतली जाते व जनावर पुसून निघतें. कांहीं दिवसांनीं गोचिडी पुन्हां दिसूं लागतात आणि दोष औषधाच्या माथीं येतो. तो दोष खरोखर कोणाचा, हें येथें पाहूं.

प्रथम हा प्राणी कोण तें समजून घेतलें पाहिजे. गोचीड हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडीस आठ. विंचू, घरांतील कोळी आणि वांग्याच्या पानांमागील लाल कोळी हे तिचे भाऊबंद होत. म्हणून माशीस मारणारें प्रत्येक औषध या कुळास मारीलच असें नाहीं.

आपल्याकडील गुरांवर आढळणाऱ्या एका मुख्य जातीची मादी सुमारें तीन आठवडे जनावराच्या अंगावर वाढते, रक्त पिऊन टम्म फुगते व गळून पडते. मग जमिनीच्या भेगेंत दोन-तीन हजार अंडीं घालून ती मरते. त्यांतून निघालेलीं सहा पायांचीं बारीक पिलें गवताच्या टोकांवर चढतात आणि थंड, दमट जागीं कित्येक महिने उपाशीं राहून जनावराची वाट पाहूं शकतात. सारांश, अंगावर दिसते ती फौजेची एक तुकडी. उरलेली फौज गोठ्यांत व कुरणांत दबा धरून असते.

ही फौज केवळ रक्त पीत नाहीं. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील धडधाकट गुरें उत्तरेकडे नेलीं कीं तेथील स्थानिक गुरें तापानें मरत. हें कोडें थिओबाल्ड स्मिथ व एफ. एल. किलबोर्न यांनीं सोडविलें. रोगाचे जंतु गोचीड पसरविते असा त्यांचा निष्कर्ष १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबाद येथें डासाच्या पोटांत हिवतापाचे जंतु दिसले ते त्यानंतर चार वर्षांनीं. आपल्याकडेही गोचीडताप आहे आणि संकरित गाई त्यास विशेष बळी पडतात.

१९०६ पासून अमेरिकेंत गुरांना सोमलाच्या पाण्याच्या हौदांतून पोहवीत नेण्याची मोठी मोहीम चालली. १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सरहद्दीलगतचा पट्टा वगळतां तो देश या गोचिडीपासून मुक्त झाला. हें यश केवळ विषाचें नव्हते. नवी मादी गळून अंडीं घालण्यापूर्वींच पुढची बुडी मिळे, त्या नेमाचें होतें. मात्र त्या जुन्या हौदांभोंवतालच्या मातींत सोमल मागें राहिला. ऑस्ट्रेलियांत तर १९३० नंतरच्या दशकांत सोमलास न जुमानणाऱ्या गोचिडी निपजल्या.

हल्लीं या कामीं वापरांत असलेलें एक औषध अमिट्राझ होय. तें गोचिडीच्या मज्जातंतूंवर परिणाम करतें. तिची पकड सुटते व ती गळते. त्याच्या साडेबारा टक्के द्रावणाचें नेहमींचें माप दर लिटर पाण्यास २ मिलिलिटर असें आहे. हिशेब सोपा आहे: १०० मिलिलिटरांत १२.५ ग्रॅम, म्हणून २ मिलिलिटरांत पाव ग्रॅम. म्हणजे चार हजार भागांत एक भाग. माप कमी पडलें तर दुबळ्या गोचिडी मरतात, चिवट तेवढ्या वांचतात व त्यांचीच प्रजा वाढते. माप अधिक झालें तर जनावर सुस्तावतें. मनुष्याच्या अंगांत तें गेलें तर गुंगी येते व नाडी मंद होते. घोड्यास तर हें औषध कदापि लावूं नये. त्याच्या आंतड्यांची हालचाल थांबते.

यावरून उपाय उघड होतो. पशुवैद्यांस विचारून औषध व पाळी ठरवावी, घरचीं सर्व गुरें एकाच दिवशीं घ्यावीं, गोठ्याच्या भेगा बुजवाव्या, आणि दुधाविषयींची लेबलावरील सूचना पाळावी. हातमोजे घालावे, वाऱ्याकडे पाठ करावी व उरलेलें पाणी ओढ्यांत ओतूं नये.

पालकांस आमची एकच विनंती आहे. औषध कालविण्याचें व लावण्याचें काम मुलांच्या हातीं देऊं नये. त्यांच्याकडून लेबल मोठ्यानें वाचवून घ्यावें व हिशेब करवून घ्यावा. बाटलीच्या झाकणानें औषध मोजतांना आम्हीं पुष्कळांस पाहिलें आहे. शाळेंत शिकलेलें त्रैराशिक त्या झाकणाच्या जागीं आलें, तर गाय वांचेल, औषधाचा गुणही टिकेल, आणि तें शिकणारा मुलगाही सुखरूप राहील.