मुलाला घेऊन गाडीने जबलपूर : सहलीचे पैसे सहलीआधी

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर बँकेच्या काउंटरवर एक विनंती हमखास येते : "ती एफडी मोडायची आहे." कारण विचारले तर बऱ्याचदा चार दिवसांचे फिरणे असते. ठेव मात्र ठेवलेली असते मुलीच्या शाळेच्या फीसाठी किंवा आईच्या औषधपाण्यासाठी. मुदतीआधी ठेव मोडली की जितके दिवस पैसे राहिले तेवढ्याच मुदतीचा व्याजदर मिळतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कमी करतात. हे नुकसान सोसता येते. मोडलेली ठेव पुन्हा तितकीच उभी करणे मात्र फार थोड्यांना जमते, हे आम्ही रोज पाहतो.

म्हणून फिरायला जाऊच नका, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. लहान मूल घरात असताना केलेल्या प्रवासाची मजा पुढे दहा वर्षांनी विकत मिळत नाही. फक्त सहलीचा पैसा वेगळा असावा आणि तो निघण्याआधी जमलेला असावा. तो कसा जमवायचा, हे एका खऱ्या रस्त्यावर पाहू : नागपूर ते जबलपूर, स्वतःच्या गाडीने, आई-बाबा आणि पाच वर्षांचे मूल, दोन रात्री, तीन दिवस.

नागपूरकरांना जबलपूर परके नाही. १९५६ पर्यंत दोन्ही शहरे एकाच राज्यात होती. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. अंतर साधारण २७५ किलोमीटर. मनसर, देवलापार, खवासा, सिवनी, लखनादौन असा राष्ट्रीय महामार्ग ४४ धरायचा आणि लखनादौनहून महामार्ग ३४ ने जबलपूर. खवासा ते सिवनीचा पट्टा पेंचच्या जंगलातून जातो. तिथे वन्यप्राण्यांना जाण्यासाठी रस्ता उंच उचलून खालून वाटा सोडल्या आहेत. मोगलीची गोष्ट याच सिवनीच्या डोंगरांत घडते, एवढे मुलाला सांगितले की तासभर खिडकीबाहेर पाहण्याची सोय होते.

आधी हिशेब

कागद घ्या. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. जाऊन-येऊन ५५० किलोमीटर आणि तिथले फिरणे १२० धरले तर ६७० किलोमीटर होतात. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर सुमारे ४५ लिटर पेट्रोल. १०५ रुपये दराने ४,७२५ रुपये. टोल दोन्ही वेळचा मिळून १,२०० रुपये धरू. नेमका आकडा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या 'राजमार्गयात्रा' या ॲपवर पाहून घ्या. खोली रात्रीला २,५०० रुपयांची, दोन रात्री ५,००० आणि त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ५,२५०. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे, जुन्या १२ टक्क्यांनी बिल लावले तर विचारा.) जेवणखाण दिवसाला १,२०० प्रमाणे ३,६००. नाव, रोपवे, पार्किंग, रिक्षा यांना १,५००. भेडाघाटच्या संगमरवरी वस्तू आणि मुलाचे हट्ट यांना ६००. बेरीज झाली १६,८७५. पंक्चर, ताप, एक जादा जेवण यांसाठी १,४०० बाजूला. एकूण १८,२७५ रुपये.

गाडी नेण्याआधी रेल्वेचा हिशेबही करून पाहावा. पाच वर्षांखालील मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. पाच पूर्ण ते बारा वर्षांखालील मुलाला बर्थ न घेता अर्धे आणि बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे लागते. नमुन्याच्या हिशेबात पेट्रोल आणि टोल मिळून ५,९२५ रुपये झाले. एकट्यादुकट्याला रेल्वे नक्की स्वस्त. पण इटारसीवरून जाणारी गाडी मोठा वळसा घेते, आणि जबलपुरात उतरल्यावर भेडाघाट, ग्वारीघाट यांसाठी टॅक्सी करावीच लागते. मूल लहान असेल, सामान जास्त असेल तर फरक फारसा उरत नाही.

स्वतःची गाडी नसेल आणि शेजाऱ्याची पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने घेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. खासगी गाडी भाड्याने वापरली जात होती असे दिसले तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मग वाचवलेल्या भाड्याला काही अर्थ उरत नाही. परवान्याची टॅक्सी ठरवताना पाच गोष्टी आधीच बोलून घ्या : दिवसाला किमान किती किलोमीटरचे पैसे, चालकाचा रात्रीचा भत्ता, टोल, पार्किंग आणि मध्य प्रदेशात शिरतानाचा कर कोण भरणार.

पैसे कुठे जमवायचे

यासाठी बँकेची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, सर्वांत सोयीची. बहुतेक बँकांत ती सहा महिन्यांपासून काढता येते. महिन्याला ३,००० रुपये, सहा महिने, व्याज सहा टक्के धरले तर मूळ १८,००० वर सुमारे ३१५ रुपये व्याज मिळते. हातात १८,३१५ येतात आणि वरचा खर्च त्यात बसतो. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप वळता होईल अशी सूचना देऊन ठेवा, म्हणजे दर महिन्याला मनाशी भांडावे लागत नाही. मुदत निघण्याच्या आठवडाभर आधी संपेल अशी तारीख निवडा. डिसेंबरात जायचे तर आरडी मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवी.

पोस्टाची आरडी इथे घेऊ नका. योजना चांगली आहे, महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, पण तिची मुदत पाच वर्षांची आणि तीन वर्षांआधी ती बंद करता येत नाही. ती मुलाच्या शिक्षणाला शोभते.

आता तोच खर्च क्रेडिट कार्डावर करून पाहू. पुढच्या बिलात पूर्ण रक्कम भरणार असाल तर काहीच बिघडत नाही. पण "आता किमान रक्कम भरू, बाकी बघू" म्हटले की व्याज सुरू होते. महिना साडेतीन टक्के दर धरला तर १८,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज ६३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ७४३ रुपये. आरडीने सहा महिन्यांत जे दिले त्याच्या दुपटीहून जास्त कार्डाने एका महिन्यात घेतले. शिवाय थकबाकी असताना त्याच कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क.

सहा महिने थांबायला वेळ नसेल तर? तर दोन रात्रींऐवजी एक रात्र करा. जमलेल्या पैशात बसेल एवढी सहल, हा क्रम उलटा करू नका.

मुलाच्या चालीने

मुलासोबत पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा जास्त ठरवल्यामुळे. चार ठिकाणांची तिकिटे काढायची आणि तिसऱ्या ठिकाणी मूल खांद्यावर झोपलेले! दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवा. पहिला दिवस प्रवासाचा. सकाळी सातला निघून सिवनीला नाश्ता, मग लखनादौनच्या पुढे एकदा थांबणे, दुपारपर्यंत जबलपूर. संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदेची आरती. तिला तिकीट नाही आणि मुलांना दिवे फार आवडतात.

दुसरा दिवस भेडाघाटचा. तो शहरापासून साधारण २०-२५ किलोमीटरवर आहे. सकाळी धुआंधार धबधबा, मग संगमरवरी कड्यांमधून नाव. नावाडी यमक जुळवत हिंदीत जी माहिती सांगतात ती मोठ्यांनाही हसवते. सामायिक नावेत माणशी पैसे लागतात, स्वतंत्र नाव बरीच महाग पडते. तिघांसाठी सामायिक पुरते. मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय मात्र बसू नका, मग नाव सोडावी लागली तरी चालेल. पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो, आणि पूर आला की धबधबाही पाण्याखाली दिसेनासा होतो. त्यामुळे स्वस्त खोली मिळते म्हणून ऑगस्टात जाणे महाग पडते. शरद पौर्णिमेला उलटे : चांदण्यातले कडे पाहायला गर्दी उसळते आणि खोल्यांचे भाव चढतात. चौसष्ट योगिनी मंदिर सुंदर आहे, पण पायऱ्या बऱ्याच आहेत; मुलाचे पाय पाहून ठरवा.

तिसऱ्या सकाळी मदनमहाल किल्ल्याजवळची 'बॅलन्सिंग रॉक' पाहावी. एका दगडावर दुसरा प्रचंड दगड जरासा टेकलेला आहे, आणि २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातली घरे पडली तरी तो हलला नाही. पंधरा मिनिटांचे काम आहे. मग खव्याची जिलबी बांधून घ्या आणि उजेड असेतो नागपूर गाठा.

खोली घेताना मुलाचे जादा पैसे किती, हे आधी विचारा. वेगळी गादी नको असेल तर कित्येक ठिकाणी काहीच घेत नाहीत, पण वयाची अट प्रत्येक हॉटेलची निराळी. दुसरे, रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशीच खोली घ्या, ती शे-दोनशेने महाग असली तरी. लहान मुलांना ताप प्रवासाच्या आदल्या रात्रीच येतो! पैसे परत मिळणार नसले की आईबाप तापातल्या मुलाला गाडीत घालतात.

निघण्याआधी कागद

तुमच्या बचत खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता जातो का, हे पासबुकात पाहा. वर्षाला फक्त २० रुपये, १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारांसाठी, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख रुपये. वर्ष १ जून ते ३१ मे असते. मेअखेर खात्यात २० रुपये नसल्याने अनेकांचे संरक्षण नकळत खंडित होते. नवरा-बायको दोघांचीही नोंद हवी, एकाची पुरत नाही. गाडीच्या विम्यात मालक-चालकाला १५ लाखांचे अपघात संरक्षण सक्तीचे आहे. गाडीतल्या इतरांसाठीचे संरक्षण ऐच्छिक असते, थोडा जादा हप्ता भरून मिळते. मुलाला मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या आसनात बांधून बसवा. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर कायद्यात १,००० रुपये दंड आहे, पण आसन घ्यायचे ते दंडासाठी नाही.

फास्टॅगमध्ये आदल्या दिवशी शिल्लक पाहा. १५ नोव्हेंबर २०२५ पासून वैध टॅग नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल लागतो. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत सुरू झालेला वार्षिक पास वर्षभर किंवा २०० फेऱ्या चालतो, पण तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि खासगी गाड्यांसाठी. या एका सहलीसाठी तो परवडत नाही. महिन्याला गावी जात असाल तर गणित वेगळे.

सगळे पैसे फोनवर ठेवू नका. जंगलाच्या पट्ट्यात नेटवर्क जाते, म्हणून दोन-तीन हजार रोख दोघांच्या खिशात वाटून ठेवा. छोट्या खर्चासाठी यूपीआय लाइट बरे : एका वेळी १,००० पर्यंत, शिल्लक ५,००० पर्यंत, पिन लागत नाही. पण गाडीत मुलाला खेळायला द्यायचा फोन आणि पैशाचा फोन एकच नसावा.

हॉटेलचा नंबर शोधताना इंटरनेटवर पहिला दिसेल त्याला पैसे पाठवू नका. मध्य प्रदेश पर्यटन विकास महामंडळाची हॉटेले जबलपुरात आणि भेडाघाटलाही आहेत, त्यांचे दर त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा. "परतावा पाठवतो, पिन टाका" असे कोणी म्हणाले तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे असते.

पाच वर्षांच्या मुलालाही या हिशेबात घेता येते. आरडीचा हप्ता गेला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याला एक चांदणी काढू द्या. सहा चांदण्या झाल्या की निघायचे. आणि भेडाघाटला त्याच्या हातात १०० रुपये द्या, त्यात काय घ्यायचे ते त्यालाच ठरवू द्या. संगमरवरी हत्ती की भिरभिरे, यावर तो दुकानासमोर अर्धा तास उभा राहील. तेवढा वेळ वेळापत्रकात धरून ठेवा.