भेगा पडू द्या, पण मुद्दाम

वैशाखात तळ्याचा तळ उघडा पडला की वरचा थर आधी वाळतो, आकसतो आणि तडकतो. खालची ओल मात्र तशीच असते. सुक्या सालीचे आणि ओल्या गाभ्याचे हे भांडण कुंभाराच्या चाकावरही लावून देता येते. नक्षी कोरत बसण्यापेक्षा मला ही रीत जास्त आवडते.

साल आणि गाभा

चाकावर जाड भिंतीचे सरळ नळकांडे ओढा, पाणी स्पंजने टिपून घ्या. बाहेरून ब्रशने सोडियम सिलिकेट, म्हणजे जलकाच, लावा. हे द्रावण अल्कधर्मी असते, तेव्हा हातमोजे हवेतच. मग चाक हळू फिरवत हीट गनने वाळवा. बोटाला चिकटेनासे झाले की पुरे.

यापुढे हात फक्त आत. आतून भिंत हलके हलके बाहेर रेटत भांड्याचे पोट फुगवायचे. वरची कडक साल ताणली जाते, फाटते आणि फटींतून ओली माती डोकावते. गळ्याशी भेगा केसाएवढ्या, पोटावर चांगल्या रुंद. बाहेरून एक बोट लागले तरी तेवढी नक्षी चेपते. भिंत पातळ असेल तर भेग थेट आरपार जाते. सिलिकेटच्या आधी गडद रंगाच्या मातीचा पातळ घोळ फासला असेल, तर भेगा फिकट उठून दिसतात. सिलिकेट लागलेली खरड माती ताज्या मातीत मिसळू नका. सिलिकेटने माती सैल पडते.

झिलईला आलेले फोड

कुंभारकलाकार ल्युसी री १९३८ साली व्हिएन्नाहून लंडनला आल्या. त्यांच्या वाडग्यांवरची खडबडीत, खळगेदार झिलई ज्वालामुखीच्या खडकाची आठवण करून देते. अशा झिलईत सिलिकॉन कार्बाइड घालतात, पॉलिश पेपरवर असते तेच. भट्टीत त्यातून वायू सुटतो, वितळलेल्या झिलईत बुडबुडे फुटतात आणि आंबोळीसारखी जाळी पडते. मॅग्नेशियम कार्बोनेट भरपूर घातले तर झिलई आकसून तिचे पुंजके होतात, अगदी दगडफुलासारखे.

पान आणि दोरी

ठसे उमटवण्याचे काम सोपे. लाटलेल्या मातीवर सागाचे किंवा पिंपळाचे पान शिरा खाली करून ठेवा आणि लाटणे फिरवा. पान निघाले नाही तरी बिघडत नाही, भट्टीत जळून जाते. जपानच्या प्रागैतिहासिक जोमोन काळातले लोक पिळलेली दोरी ओल्या भांड्यावर फिरवत. तसे तुकडे १८७७ साली अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांना टोकियोजवळ ओमोरी इथे सापडले.

भाजण्याआधी, वापरण्याआधी

जाड भांडे सावकाश वाळवा. आत ओल राहिली तर १०० अंशांपुढे तिची वाफ होते आणि भांडे भट्टीतच फुटते. भाजल्यावर सालीच्या कडा धारदार होऊ शकतात; त्या घासून घ्या. आमटी-कढीसाठी भांडे हवे असेल तर आतली बाजू आणि ओठ टेकतो तो काठ गुळगुळीत ठेवून चांगली झिलई द्या. खळग्यांत अडकलेला रस्सा घासून निघत नाही.