रायपूरच्या उन्हाचा हिशेब

रायपूर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या खिडकीला वीतभर छज्जाही पुरतो. खरा जाच पश्चिमेच्या भिंतीचा. चारनंतरचं तिरपं ऊन छज्ज्याखालून थेट आत घुसतं, आणि तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. पंख्याच्या भरवशावर राहणाऱ्या कुटुंबाला झोप लागत नाही, ती यामुळे.

संगणक इथे कामाला येतो. तासागणिक हवामान, साहित्याचे दर आणि त्यातून उष्णता किती वाहते हे आकडे दिले की तो भिंतीची जाडी, खिडक्यांची दिशा, छपराचा उतार बदलत घराचे हजारो आराखडे तपासतो. त्यातले सरस निवडून त्यांत पुन्हा फेरफार करतो. ‘एनर्जीप्लस’सारखी गणनाप्रणाली फुकट मिळते.

साहित्यही जवळचंच. छत्तीसगडमधल्याच कोरब्याच्या वीज केंद्रांतल्या कोळशाच्या राखेच्या विटांना भट्टी लागत नाही. त्या कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली, तर सुमारे 25 टक्के विटा वाचतात आणि आतली हवा उष्णता अडवते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली ही ‘रॅट-ट्रॅप’ रचना मला आजही सर्वांत शहाणी वाटते.

पाडलेल्या घरांच्या चौकटी, कवेलूही पुन्हा वापरता येतात, पण ते सारं एका मापाचं नसतं. मग प्रश्नच उलटा घालायचा: हाती आलेल्या चौकटी मोजायच्या आणि त्यांत बसणारं घर संगणकाला शोधायला लावायचं.