मुरमांची ट्यूब आणि घरातला सल्ला

नववी-दहावीला शिकवणाऱ्यांना वर्गातली एक गोष्ट चटकन दिसते. उन्हाळ्याची चाहूलही नसताना एखादी मुलगी ओढणी नाकापर्यंत ओढून बसते. एखादा मुलगा फळ्याजवळ यायला नकार देतो. गणित येत नाही म्हणून नव्हे, तर चेहऱ्यावर मुरमे उठली आहेत म्हणून. या वयातल्या बहुतेक मुलामुलींना कमी-अधिक मुरमे येतातच. पण ज्याच्या गालावर ती उठतात, त्याला ती आपल्या एकट्यालाच आल्यासारखे वाटते.

आता अनेक घरांतून मुलांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले जाते, ही चांगली गोष्ट आहे. डॉक्टर चिठ्ठी देतात, मेडिकलमधून ट्यूब येते आणि खरी अडचण पुढे सुरू होते. चार दिवसांत चेहरा लाल होतो, साल निघू लागते. अम्मी घाबरते, फुफी म्हणते, "औषध गरम पडले," आणि ट्यूब कपाटात जाते. मग शेजारची कुणी दुसरी ट्यूब सुचवते, जिने "आठ दिवसांत चेहरा उजळतो". नुकसान बहुतेकदा या दुसऱ्या ट्यूबने होते. म्हणून डॉक्टरांच्या जेलचे दुष्परिणाम कोणते, त्यातले सोसण्याजोगे कोणते आणि धोक्याचे कोणते, हे घरातल्या मोठ्यांनी समजून घ्यावे असे आम्हांला वाटते.

जेल नेमके काय करते?

आपल्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना त्या जास्त तेल सोडतात. मृत पेशी आणि तेल मिळून छिद्राच्या तोंडाशी बूच बसते, आत जंतू वाढतात आणि सूज येऊन मुरूम तयार होते. पोट साफ नाही किंवा तोंड नीट धुतले नाही म्हणून मुरमे येतात, हा समज खरा नाही.

सध्या डॉक्टर बरेचदा अडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड या दोन औषधांचे एकत्र जेल देतात. ट्यूबवर ०.१ टक्के आणि २.५ टक्के असे आकडे छापलेले असतात. अडापलीन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध. ते पेशी झडण्याचा वेग सुधारून छिद्रांची बुचे मोकळी करते. बेन्झॉइल पेरॉक्साइड त्वचेवर ऑक्सिजन सोडते आणि त्यात मुरमाचे जंतू मरतात. काहींना ट्रेटिनॉइन किंवा क्लिंडामायसिन असलेले जेलही मिळते. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक आहे. ते एकटेच आणि दीर्घकाळ लावले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून ते सहसा दुसऱ्या औषधाच्या जोडीने आणि ठरावीक मुदतीपुरते देतात.

अपेक्षित असलेला त्रास

पेशी वेगाने झडू लागल्या की त्वचेचे वरचे आवरण काही काळ नाजूक होते आणि तिच्यातला ओलावा लवकर उडतो. त्यामुळे कोरडेपणा, लाली, साल निघणे, चुणचुण आणि थोडी जळजळ हे परिणाम अपेक्षितच असतात. पहिल्या दोन आठवड्यांत ते जास्त जाणवतात आणि साधारण महिनाभरात उतरणीला लागतात. काही मुलांची मुरमे सुरुवातीला वाढल्यासारखीही वाटतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून औषध सोडणे म्हणजे उगवण्याआधीच बियाणे उकरून काढणे.

हा त्रास कमी करता येतो. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याच्या दाण्याएवढे जेल पुरते. जास्त लावल्याने मुरमे लवकर जात नाहीत, साल मात्र जास्त निघते. एकेका मुरमावर ठिपका देण्याऐवजी मुरमे येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर द्यावा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ वगळावेत. नाजूक त्वचा असेल तर डॉक्टर सुरुवातीला एक दिवसाआड लावायला सांगतात. सोबत बिनवासाचे, साधे मॉइश्चरायझर लावावे. लिंबू, टूथपेस्ट, स्क्रब, फेशियल ब्लीच आणि वॅक्सिंग या काळात चेहऱ्यापासून दूर ठेवावे. जेलने नाजूक झालेली त्वचा वॅक्ससोबत सोलून निघू शकते.

या औषधांनी त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते. म्हणून अडापलीन किंवा ट्रेटिनॉइन असलेले जेल रात्री लावतात आणि दिवसा किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन वापरायला सांगतात.

आपल्या घरांतले काही प्रश्न

पालकसभेनंतर काही माता आम्हांला हळूच विचारतात, की पाच वेळा वजू करायचा तर जेल टिकणार कसे? यावर साधा तोडगा आहे. इशाची नमाज झाल्यावर चेहरा टिपून कोरडा करावा, वीसेक मिनिटे थांबावे आणि मग जेल लावावे. फज्रपर्यंत औषधाला पुरेसा वेळ मिळतो. ओल्या चेहऱ्यावर लगेच लावले तर ते जास्त झोंबते. वजूच्या साध्या पाण्याने त्वचेचे काही बिघडत नाही. मात्र दर वेळी साबण लावू नये आणि टॉवेलने खसाखसा पुसू नये.

रोज्यात जेल लावावे का, हाही प्रश्न येतो. त्वचेवर लावलेले औषध पोटात जात नाही, त्यामुळे बाहेरून लावण्याच्या मलमाने रोजा तुटत नाही असेच उलमा सांगतात. तरीही कुणाच्या मनात शंका असेल तर रात्रीच लावायचे औषध इफ्तारनंतर लावले की प्रश्न मिटतो. रोज्याच्या दिवसांत पाणी कमी जाते आणि ओठ व त्वचा कोरडी पडते, तेव्हा मॉइश्चरायझर विसरू नये.

तिसरी गोष्ट कपड्यांची. बेन्झॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवते. उशीचे अभ्रे, रंगीत स्कार्फ, काळा नकाब आणि जानमाज यांवर पडलेले फिकट डाग धुऊन जात नाहीत, कारण तो डाग नसतो, रंगच उडालेला असतो. अशा डागांवरून मुलीला बोलणी बसलेली आम्ही ऐकली आहेत. रात्री पांढरा अभ्रा घालावा, जेल पूर्ण वाळू द्यावे, हात साबणाने धुवावेत आणि सकाळी चेहरा धुतल्यावरच स्कार्फ बांधावा. हनुवटीवर व कपाळावर घट्ट बसणारे, घामाने ओले राहिलेले कापड घासूनही मुरमे वाढवते. म्हणून स्कार्फ सुती असावा आणि रोज धुतलेला असावा.

मुलांसाठीही एक सूचना. हे औषध केसांचाही रंग उडवते. नुकत्याच फुटलेल्या दाढी-मिशीच्या जागी ते जपून लावावे. आणि चेहऱ्याला अत्तर किंवा आफ्टरशेव्ह चोळू नये, नाजूक त्वचेला ते फार झोंबते.

कोणता त्रास सोसू नये?

सब्र करणे आणि धोक्याची खूण दिसत असताना गप्प राहणे यांत फरक आहे. आमच्या मुली विशेषतः "थोडे सोसते" म्हणतात आणि सांगतच नाहीत. म्हणून मोठ्यांनी विचारावे.

जळजळ इतकी की झोप लागत नाही, फोड आले, पाणी सुटले, कातडी भाजल्यासारखी काळी पडली, खाज वाढतच चालली, तर जेल थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. ही औषधाची ॲलर्जी असू शकते.

ओठ, पापण्या किंवा चेहरा सुजणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येऊन पडणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशी तीव्र ॲलर्जी क्वचितच येते. पण आली तर चेहरा धुऊन थेट रुग्णालय गाठावे, सकाळची वाट पाहू नये. नवे जेल पहिल्यांदा लावताना दोन-तीन दिवस अगदी थोड्या जागेवर लावून पाहणे म्हणूनच शहाणपणाचे.

क्लिंडामायसिनचे जेल चालू असताना सतत पातळ जुलाब किंवा रक्ताचे जुलाब झाले, तर औषध बंद करून डॉक्टरांना सांगावे. असे फार क्वचित घडते. पण जुलाबाचा चेहऱ्यावरच्या मलमाशी संबंध असेल हे कुणाच्या ध्यानातच येत नाही, म्हणून येथे लिहिले.

नव्या सुनेची ट्यूब

या विषयावर घरात मोकळेपणे बोलले जात नाही, पण बोलणे आवश्यक आहे. अडापलीन आणि ट्रेटिनॉइनची जेल गरोदरपणात वापरू नयेत असे डॉक्टर सांगतात. याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर गर्भाला निश्चितच घातक आहेत, त्यांनी बाळात गंभीर व्यंगे येऊ शकतात. त्या चालू असताना आणि थांबवल्यानंतर एक महिना दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

आपल्याकडे निकाह ठरला की मुलीच्या चेहऱ्याची चिंता सुरू होते आणि औषधे त्याच महिन्यांत चालू होतात. मग ती सासरी जाते, ट्यूब आणि गोळ्या बॅगेत जातात. सासरी कुणाला माहीत नसते आणि सांगायला संकोच वाटतो. अम्मीने निकाहाची तारीख डॉक्टरांना आधीच सांगितली, तर ते औषध बदलून देऊ शकतात. दिवस राहिल्याचे कळले तर जेल थांबवून लगेच विचारावे. घाबरण्यापेक्षा विचारणे महत्त्वाचे. अंगावर दूध पाजणाऱ्या आईनेही विचारूनच लावावे.

"उजळवणारी" ट्यूब

आता त्या दुसऱ्या ट्यूबविषयी. चार दिवसांत लाली घालवणारी, चेहरा गोरा करणारी, चिठ्ठीशिवाय मिळणारी मलमे अनेकदा स्टेरॉइडची असतात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यांची नावे. काहींत मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही मिसळलेले असते. इसबासारख्या आजारांवर ही औषधे उपयोगी आहेत, पण ती मुरमांसाठी नाहीत. सुरुवातीला सूज दबते आणि चेहरा तुकतुकीत दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते, मुरमे दुपटीने उठतात. थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा लावले जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना असे रुग्ण इतके दिसले, की त्यांनी या अवस्थेला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' असे स्वतंत्र नावच दिले. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ औषधे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती कशी मिळतात हे आपण सारे जाणतो.

आमच्या ओळखीची एक विद्यार्थिनी खालाने दिलेली अशी ट्यूब वर्षभर लावत होती. पहिल्या महिन्यात घरात कौतुक झाले. वर्षअखेरीस ती उन्हात पाच मिनिटे उभी राहू शकत नव्हती. बरे व्हायला अनेक महिने गेले. खालाचा हेतू चांगलाच होता, तिला त्या ट्यूबमध्ये काय आहे ते ठाऊक नव्हते. असे मलम कुणी बराच काळ लावत असेल, तर ते एकाएकी न सोडता त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडवावे.

घरात एवढे करावे

औषध सुरू केल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि बारा आठवड्यांनंतरच्या दिवसावर खूण करावी. दर रविवारी एकाच जागी, एकाच उजेडात चेहऱ्याचा फोटो काढावा, कारण रोज आरशात पाहणाऱ्याला सुधारणा दिसत नाही. ट्यूबवरचे घटक मोठ्याने वाचावेत. उभी लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये. एकाची ट्यूब दुसऱ्याने लावू नये, सख्ख्या बहिणीनेही नाही. ट्यूब उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता थंड जागी, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

दुष्परिणाम झाला तर त्याची नोंदही करता येते. भारतीय औषधसंहिता आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. रुग्ण किंवा पालक स्वतः फोन करू शकतात. एका घराने कळवलेली गोष्ट पुढच्या घराला उपयोगी पडते.

आणि एक विनंती. ज्या घरात मुलीचे स्थळ पाहताना चेहऱ्यावरच्या डागांची चर्चा तिच्यासमोर होते, त्या घरातली मुलगी सनस्क्रीनऐवजी स्टेरॉइडच शोधणार. तिला बारा आठवडे धीर धरायला सांगायचे असेल, तर तेवढे आठवडे मोठ्यांनीही तिच्या गालाविषयी बोलणे थांबवावे.