परदेशी प्रवेशप्रस्तावांची निवड आणि १५ एप्रिलचा ठराव

अमेरिकी विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेशप्रस्ताव साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतात. एकाहून अधिक प्रस्ताव असलेला विद्यार्थी हातचे जाईल या भीतीने पहिल्याच पत्रास होकार देऊन बसतो. वस्तुतः तेथील 'कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स' या संस्थेच्या ठरावानुसार, आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावास १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नाही. ठराव मान्य करणाऱ्या विद्यापीठांची यादी प्रसिद्ध आहे. मात्र हे संरक्षण आर्थिक साहाय्यापुरतेच आहे. स्वखर्चाने वा कर्ज काढून एम.एस. करणाऱ्यास ते लाभत नाही, आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्यांत असे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यांनी प्रत्येक पत्रातील मुदत व अनामत रकमेच्या परताव्याची अट स्वतंत्रपणे तपासावयास हवी.

विद्यावेतनाचा नुसता आकडा फसवा असतो. ते नऊ महिन्यांचे की बारा, शिक्षणशुल्क माफ असले तरी इतर शुल्के व आरोग्यविमा कोणी भरावयाचा, साहाय्याची हमी किती वर्षांची, हे पाहिल्याविना तुलना होत नाही. बॉस्टनमधील मोठी रक्कम घरभाड्यातच संपू शकते.

पीएच.डी.च्या बाबतीत मार्गदर्शकाचे महत्त्व विद्यापीठाच्या नावाहून अधिक मानले पाहिजे. तो निवृत्तीच्या जवळ आहे काय, त्याच्या विद्यार्थ्यांना पदवीस किती वर्षे लागली, हे प्रवेशपत्रात नसते. त्याच्याकडे सध्या संशोधन करणाऱ्यांनाच विचारावे लागते. निर्णय होताच उरलेले प्रस्ताव लेखी नाकारावेत, म्हणजे प्रतीक्षायादीतील उमेदवारास वेळेत कळविता येते.